पोलिसांसमोर दिलेला जबाब कोर्टात पुरावा ठरतो का? साक्षीदार, फिर्यादी आणि आरोपीच्या घरच्यांसाठी पायरीपायरीने

पोलीस ठाण्यात जबाब देऊन बाहेर पडलेल्या माणसाला वाटतं, आपली साक्ष झाली. आरोपीच्या घरी नेमकं उलट ऐकू येतं: पोलिसांपुढे काहीही बोललं तरी कोर्टात ते चालत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे खटले बिघडतात.

पोलिसांनी तपासात नोंदवलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो. पुरावा म्हणजे न्यायाधीशांसमोर शपथेवर दिलेली आणि उलटतपासातून गेलेली साक्ष. पण ती साक्ष तुमच्या पोलीस जबाबाशी शब्दाशब्दाने ताडून पाहिली जाते. जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट राहून गेली, तर दोन-चार वर्षांनी कोर्टात ती पहिल्यांदा सांगताना तुमच्यावर विश्वास ठेवणं न्यायाधीशांना अवघड जातं. जबाब पुरावा नाही म्हणून तो कसाही दिला तरी चालेल, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खालील कलमं नव्या कायद्यांची आहेत; कायद्याचं नाव दिलेलं नसेल तिथे ते कलम नागरिक सुरक्षा संहितेचं समजा. त्या तारखेआधीपासून प्रलंबित प्रकरणं जुन्या कायद्यांनुसार चालतात, त्यामुळे वकिलांच्या तोंडी अजून १६१, १६४ आणि २७ हेच आकडे असतात. नव्यात ते अनुक्रमे १८०, १८३ आणि साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ (पोटकलम २ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद) असे आहेत. तत्त्व बदललेलं नाही.

१. आधी कागद ओळखा

ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाला लोक सरसकट ‘जबाब’ म्हणतात. कोर्टात मात्र प्रत्येकाची किंमत वेगळी असते.

फिर्याद किंवा खबर (कलम १७३): यावरून गुन्हा दाखल होतो. हिच्यावर फिर्यादीची सही हवीच. फिर्यादी कोर्टात साक्ष देतो तेव्हा त्याच्या साक्षीला दुजोरा द्यायला किंवा तिच्यातली विसंगती दाखवायला ती वापरता येते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

साक्षीदाराचा जबाब (कलम १८०): गुन्हा दाखल झाल्यावर तपासी अंमलदार (गुन्ह्याचा तपास करणारा पोलीस अधिकारी) विचारपूस करून लिहितो तो. याला शपथ नाही आणि सहीही नाही. कलम १८१ प्रमाणे त्याचा उपयोग जवळजवळ एकाच कामाला होतो: सरकार पक्षाचा साक्षीदार कोर्टात जबाबापेक्षा वेगळं बोलला, तर ते त्याच्यासमोर ठेवायला. आरोपीचा वकील हे हक्काने करू शकतो, सरकारी वकिलाला मात्र कोर्टाची परवानगी लागते. साक्षीदाराच्या बोलण्याला दुजोरा म्हणून हा जबाब वापरता येत नाही. बचाव पक्षाने आपल्या बाजूने उभ्या केलेल्या साक्षीदारालाही तो दाखवता येत नाही.

पुरवणी जबाब: त्याच साक्षीदाराचा नंतर घेतलेला जबाब. त्याला हेच नियम लागू.

दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब (कलम १८३): याबद्दल पायरी ५ मध्ये.

पंचनामा: घटनास्थळ, जप्ती, अटक, निवेदन (आरोपीने पोलिसांना दिलेली माहिती) अशा वेगवेगळ्या कारणांनी होतो. यावर पंचांच्या सह्या असतात. पंचाने पाहिलेली परिस्थिती तो कोर्टात येऊन सांगतो तेव्हाच पंचनामा सिद्ध होतो. घटनास्थळ पंचनाम्यात मध्येच ‘अमक्याने सांगितले की आरोपी इथून पळाला’ असं वाक्य घुसवलेलं असेल, तर तेवढा भाग पोलिसांसमोरचं कथनच राहतो आणि त्याला जबाबाचीच बंदी लागू होते.

केस डायरी (कलम १९२): तपासाची रोजची नोंद. कोर्ट ती मागवू शकतं, पण पुरावा म्हणून वापरू शकत नाही. आरोपीलाही ती सहसा पाहता येत नाही.

२. बोलावणं आलं की

साक्षीदाराला बोलावण्यासाठी कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो, आणि तोही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच काढता येतो. प्रत्यक्षात हवालदाराचा फोन येतो. अशा वेळी भांडू नका. ‘साहेब, लेखी नोटीस पाठवा, मी वेळेवर येतो’ एवढं पुरतं. नोटिशीवरचं कलम नीट पाहा. १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार आहात. ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे. मग एकटे जाऊ नका, आधी वकिलाला भेटा.

महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि गंभीर आजारी माणसं यांना राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्यांची स्वतःची तयारी असेल तर ती ठाण्यात जाऊ शकतात. विनयभंग, बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांत पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. पोक्सो (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) प्रकरणात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ असताना घ्यायचा असतो.

सोबत काय न्यायचं:

- नोटीस आणि ओळखपत्राची झेरॉक्स
- दवाखान्याचे कागद, असतील तर
- फोटो, व्हिडिओ, कॉल यादी (मूळ फोनमधून काहीही पुसू नका)
- घटनेनंतर लगेच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं टिपण

हे टिपण फार मोलाचं असतं. घटनेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं आणि कोण काय बोललं ते तारीख घालून लिहा. पुढे साक्ष देताना कोर्टाच्या परवानगीने स्मृती ताजी करायला ते पाहता येतं. समोरच्या वकिलालाही ते पाहण्याचा हक्क आहे, म्हणून त्यात ऐकीव गोष्टी आणि रागाच्या भरातली वाक्यं नकोत.

३. जबाब देताना

महाराष्ट्रातल्या ठाण्यात जबाबाची सुरुवात ठरलेली असते: ‘मी अमुक, वय अमुक, धंदा अमुक, रा. अमुक, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की…’ त्यापुढचा मजकूर तुमच्या तोंडून आलेला असायला हवा. बऱ्याचदा तो संगणकावर आधीच्या साक्षीदाराच्या जबाबातून उचललेला असतो. प्रत्येकाचं कथन वेगळं आणि खरंखुरं नोंदवावं असं कायदा सांगतो. सहा साक्षीदारांचे जबाब शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारखे निघाले, तर उलटतपासात त्यातलं एकही धड उभं राहत नाही.

तुमच्या जबाबात पुढील गोष्टी आल्याच पाहिजेत:

- तुम्ही नेमके कुठे होतात आणि तिथे का होतात. ‘योगायोगाने हजर’ असलेल्या साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच येतो.
- वेळ. मिनिटं आठवत नसतील तर ‘संध्याकाळची एसटी गेल्यावर’ असं सांगा. अंदाजाने ‘१९.४५ वाजता’ लिहू देऊ नका.
- उजेड कशाचा होता आणि अंतर साधारण किती होतं.
- कोणाच्या हातात काय होतं, कोणी कुठे मारलं. पाच जण असतील तर पाचही जणांची कृती वेगवेगळी सांगा. ‘सर्वांनी मिळून मारहाण केली’ हे एक वाक्य पुढे सगळ्यांना सोडवायला पुरेसं होऊ शकतं.
- तुमच्याशिवाय अजून कोण हजर होतं.
- आरोपी आधीपासून ओळखीचा होता की नाही.

शेवटच्या मुद्द्यावर जास्त सावध राहा. नाव माहीत नसताना पोलिसांनी ‘तो अमुकच होता ना?’ असं विचारून नाव लिहिलं, तर पुढची ओळख परेड (अनेक माणसांच्या रांगेतून आरोपीला ओळखणं) निरर्थक होते. ‘अनोळखी इसम’ असंच लिहायला सांगा आणि उंची, बांधा, कपडे, बोलण्याची ढब सांगा. मग ओळख परेड घेतली जाते. ती दंडाधिकाऱ्याने घ्यायची असते आणि पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. पोलिसांच्या देखरेखीखाली पटवलेली ओळख ही पोलिसांपुढचं कथनच ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ सालीच स्पष्ट केलं.

भाषेचा घोळही नेहमीचा. साक्षीदार हिंदीत, कन्नडमध्ये किंवा अहिराणीत बोलतो आणि जबाब पोलिसी मराठीत उतरतो. ‘धक्का दिला’चं ‘लोटालोटी करून मारहाण केली’ होतं. शब्द बदलला की गुन्ह्याचं कलमही बदलू शकतं. मराठी नीट येत नसेल तर तसं सांगा आणि तुमच्या भाषेत समजावून घेतल्याची नोंद जबाबात करायला लावा.

स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती साक्षीदारावरही नाही. बाकीच्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं मात्र बंधनकारक आहे.

घटनेनंतर लगेच जबाब झाला पाहिजे. उशीर झाला आणि त्याचं कारण समोर आलं नाही, तर साक्षीवर संशय येतो. गणेश भवन पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात तर काही तासांचा उशीरही सरकार पक्षाला भोवला. दवाखान्यात होतात, गावाला गेला होतात, भीतीने गप्प होतात, जे कारण असेल ते जबाबातच सांगा.

४. सही मागितली तर

कलम १८१ प्रमाणे तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नाही. ‘सही केली की तुमचा जबाब पक्का’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. सही केल्याने जबाब पुरावा बनत नाही, आणि चुकून घेतली म्हणून तो आपोआप बादही होत नाही. मात्र सही घेऊन साक्षीदाराला बांधून ठेवल्याचा मुद्दा बचाव पक्षाला मिळतो.

सही लागते ती फिर्यादीवर, पंच असाल तर पंचनाम्यावर आणि तुमची वस्तू ताब्यात घेतली तर जप्तीच्या कागदावर. कोऱ्या कागदावर सही कोणत्याही कारणाने करायची नाही, अगदी ओळखीच्या हवालदाराच्या सांगण्यावरूनही नाही. पंचांनी तर यात फारच जपलं पाहिजे. ‘पंचनामा ठाण्यात बसून लिहिला आणि माझी सही घेतली’ असं पंचाने कोर्टात कबूल केलं की जप्तीच कोसळते.

जबाबाच्या शेवटी ‘वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे वाक्य असतं. ते लिहिण्याआधी खरंच वाचून घ्या. मोबाइल नंबर, दिवस आणि नात्यांची नावं यांतच सर्वाधिक चुका सापडतात.

घरी आल्यावर काही राहिल्याचं आठवलं, तर दुसऱ्याच दिवशी तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पुरवणी जबाब घ्यायला सांगा. अर्जावर तुमची सही आणि ठाण्याचा शिक्का आहे म्हणून तो पुरावा होतो, असं मात्र समजू नका. तपास चालू असताना पोलिसांना लिहून दिलेलंही पोलिसांपुढचं कथनच असतं. फायदा एवढाच की ‘हे आज कोर्टात पहिल्यांदा सांगताय’ असं तुम्हाला कोणी म्हणू शकत नाही. दोन-तीन दिवसांतला पुरवणी जबाब समजण्यासारखा असतो. आरोपपत्राच्या तोंडावर घेतलेल्या, नेमकी उणीव भरून काढणाऱ्या पुरवणी जबाबाकडे कोर्ट संशयानेच बघतं.

५. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब

साक्षीदार फुटण्याची भीती असेल तर तपासी अंमलदार त्याला कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे नेतो. पीडितेचा जबाब लैंगिक गुन्ह्यांत असाच नोंदवला जातो. १० वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा असा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवणं आता बंधनकारक आहे.

हा शपथेवर दिलेला आणि सही असलेला जबाब असतो, त्यामुळे त्याचं वजन जास्त. तो कोर्टातल्या साक्षीला दुजोरा म्हणूनही वापरता येतो आणि विसंगती दाखवायलाही. पण हाही मूळ पुरावा नव्हे. साक्षीदार पुढे कोर्टात आलाच नाही, तर एकट्या १८३ च्या जबाबावर शिक्षा होत नाही. पोलिसांपुढच्या जबाबातून माघार घेतली म्हणून खोट्या साक्षीचा खटला सहसा उभा राहत नाही, इथे मात्र शपथ असल्यामुळे तो धोका खरा आहे.

६. आरोपीची चौकशी

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम २३(१)). कोठडीत असताना दुसऱ्या कोणाला दिलेली कबुलीही चालत नाही, तिथे प्रत्यक्ष दंडाधिकारी हजर असतील तरच चालते. आरोपीनेच ठाण्यात येऊन ‘मी खून केला’ अशी खबर दिली, तर तीसुद्धा कबुलीच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने अघनू नागेसिया (१९६५) प्रकरणात असा सगळा मजकूर वगळला होता.

घरच्यांचा घात होतो तो पुढच्या अपवादात. आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुरावा होतो. निवेदन पंचनाम्यात लिहिलेलं असतं: ‘मी ज्या कोयत्याने त्याला मारले तो कोयता विहिरीशेजारच्या झुडपात लपवून ठेवला आहे, चला, काढून देतो.’ यातलं ‘कोयता झुडपात लपवून ठेवला आहे, काढून देतो’ एवढंच कोर्टात वाचता येतं. ‘ज्याने मारले’ हा तुकडा बाद. पुलुकुरी कोट्टय्या या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) आखलेली ही रेषा आजही तशीच लागू आहे.

निवेदन पंचनामा वाचताना वकिलाला या गोष्टी पाहायला सांगा:

- निवेदन आधी झालं की वस्तू आधीच सापडलेली होती? पोलिसांना जागा आधीच माहीत असेल तर त्या निवेदनाला अर्थ राहत नाही.
- जागा उघडी, कोणीही ये-जा करण्यासारखी होती का?
- पंच कोण आहेत? तेच पंच त्या ठाण्याच्या अनेक गुन्ह्यांत दिसतात का?
- वस्तू तिथल्या तिथे सील केली का, आणि सील कधी, कोणासमोर?

आरोपीला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं (कलम ३८), संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हा संविधानाच्या कलम २०(३) चा हक्क आहे. नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही, असं सेल्वी (२०१०) निकालाने ठरवलं आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

दंडाधिकाऱ्यांपुढची कबुली वेगळी. ती आरोपीविरुद्ध पुरावा होते. म्हणूनच कबुली देण्याचं बंधन नाही आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, असं दंडाधिकाऱ्यांनी आधी सांगावं लागतं. विचार करायला साधारण किमान २४ तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवन सिंग प्रकरणात म्हटलं. आरोपीने नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

७. व्हिडिओ आणि सीसीटीव्ही

जुन्याप्रमाणे नव्या कायद्यातही जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आहे. पण चित्रमुद्रण झालं म्हणून जबाबाचा दर्जा बदलत नाही. कागदावर जे चालत नाही ते पडद्यावरही चालत नाही. कर्नाटकातल्या एका खून खटल्यात आरोपींच्या कबुलीचा व्हिडिओ कोर्टात दाखवला गेला होता, शिवाय तो वाहिनीवरही झळकला होता. सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटेश ऊर्फ चंद्रा (२०२२) या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. बातम्यांत आरोपीने ‘कबुली दिली’ असं ऐकलं की घरच्यांनी खचून जायचं कारण नाही.

उलट मारहाण झाली, बेकायदा बसवून ठेवलं किंवा अटकेची वेळ खोटी दाखवली, अशी तक्रार असेल तर ठाण्यातला सीसीटीव्ही तुमच्या कामाचा. परमवीर सिंग सैनी (२०२०) निकालानुसार चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवायचं आहे. तरीही वाट पाहू नका. तारीख, वेळ आणि खोली नमूद करून चित्रण जतन करण्याचा अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त आणि संबंधित कोर्ट, दोन्हीकडे लगेच द्या.

चित्रणाची प्रत कोर्टात दाखल करायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक दाखल करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा) लिहावं लागतं. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) प्रकरणात पक्कं केलं. अपवाद एकच, मूळ उपकरणच कोर्टात आणणं.

८. जिथे नियम बदलतो

मकोका: महाराष्ट्राच्या १९९९ च्या या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, कलम १८ प्रमाणे, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा होते, आणि एकत्र खटला चालत असलेल्या सहआरोपीविरुद्धही. मकोका लागल्याचं कळलं की त्याच दिवशी वकील गाठा.

अमली पदार्थ: तोफान सिंग (२०२०) निकालानंतर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६७ खालची अधिकाऱ्यापुढची कबुली चालत नाही.

कस्टम्स आणि ईडी: हे अधिकारी पोलीस मानले जात नाहीत. त्यांच्यापुढच्या जबाबावर सही घेतली जाते आणि तो जबाब वापरता येतो. इथे ‘पोलिसांपुढचं चालत नाही’ हा भरवसा ठेवू नका.

मृत्यूपूर्व जबाब: जखमी माणूस पुढे दगावला, तर मृत्यूच्या कारणाबद्दल त्याने पोलिसांना सांगितलेलंही पुरावा होतं. शक्यतो दंडाधिकाऱ्याकडून तो नोंदवून घेतात. डॉक्टरांचा ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ असा दाखला नसेल तरी, नोंदवणाऱ्याची खात्री पटलेली असेल तर जबाब टिकतो, असं पाच न्यायाधीशांच्या पीठाने लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) मध्ये ठरवलं.

इतर कामं: कलम १८१ ची बंदी त्याच गुन्ह्याच्या चौकशी-खटल्यापुरती आहे. अपघात दावा न्यायाधिकरण, दिवाणी दावा किंवा रिट याचिका यांत ती आड येत नाही. तिथे जबाबाला किती वजन द्यायचं ते साक्ष्य अधिनियमाच्या सर्वसाधारण नियमांनी ठरतं.

९. आरोपपत्रानंतर नकला

आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत कलम २३० प्रमाणे त्याला फिर्याद, साक्षीदारांचे जबाब आणि १८३ चे जबाब विनामूल्य मिळाले पाहिजेत. वकील दिला असेल तर पीडितालाही. साध्या साक्षीदाराला स्वतःच्या जबाबाची नक्कल आपोआप मिळत नाही.

पानं मोजून घ्या. अस्पष्ट झेरॉक्स, सुटलेला पुरवणी जबाब, मागची बाजू कोरी आलेलं पान या गोष्टी नेहमी घडतात. नकला मिळाल्याची सही करण्याआधी कमी असलेल्या कागदांची यादी कोर्टाला लेखी द्या, कारण साक्षी सुरू झाल्यावर हे सांगणं महाग पडतं.

१०. साक्षीच्या दिवशी

सरकारी वकील सरतपास (आपल्या साक्षीदाराची पहिली विचारपूस) घेतात, मग बचावाचे वकील उलटतपास. जबाबाचा खरा उपयोग इथे होतो, दोन प्रकारे.

पहिला, वगळणूक. साक्षीदार कोर्टात सांगतो, ‘आरोपीच्या हातात कोयता होता.’ जबाबात कोयत्याचा उल्लेख नाही. वकील विचारतात, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ उत्तर: ‘सांगितलं होतं. पोलिसांनी का लिहिलं नाही ते मी सांगू शकत नाही.’ पुढे तपासी अंमलदाराला विचारतात, ‘या साक्षीदाराने तुमच्याकडे असं सांगितलं नव्हतं, हे खरं का?’ तो ‘खरं’ म्हणाला की वगळणूक सिद्ध. प्रत्येक वगळणूक मारक नसते. शर्टचा रंग राहिला तर फरक पडत नाही, हत्यार राहिलं तर पडतो. महत्त्वाची वगळणूक विसंगतीच मानली जाते. तहसीलदार सिंग (१९५९) निकालापासूनची सगळी चर्चा याच फरकाभोवती आहे.

दुसरा, थेट विसंगती. जबाबात ‘मी ओट्यावर उभा होतो’, कोर्टात ‘मी घरात होतो’. इथे तो नेमका मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो. त्याने नाकारला की त्यावर ‘अ’ अशी खूण होते. तपासी अंमलदाराने ‘साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे मी लिहिलं’ असं शपथेवर सांगितल्यावर त्या भागाला निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला दिलेला क्रमांक) मिळतो. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने व्ही. के. मिश्रा (२०१५) मध्ये पुन्हा सांगितली आहे. आरोपीच्या घरच्यांनी आपल्या वकिलाला तपासी अंमलदाराच्या उलटतपासाआधी याची आठवण करून द्यावी. साक्षीदारासमोर मजकूर ठेवला आणि अंमलदाराकडून सिद्ध करायचा राहिला, तर निकालपत्रात त्याचा उपयोग होत नाही. या एका विस्मरणाने चांगला उलटतपास वाया जातो.

साक्षीदाराने सरकार पक्षाला धरून सांगितलं नाही तर सरकारी वकील परवानगी घेऊन त्याचा उलटतपास घेतात. त्याचा जबाब त्याच्यापुढे वाचला जातो. त्याने ‘असं मी सांगितलंच नाही’ म्हटलं, की तो जबाब खरं काय घडलं याचा पुरावा म्हणून उरत नाही. मात्र फितूर ठरवलं म्हणून त्याची कोर्टातली साक्ष संपूर्ण पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट दोन्ही बाजूंसाठी वापरू शकतं.

साक्षीदारांनो, जबाब पाठ करून जाऊ नका. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. ‘हे म्हणणं खरं नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ यांत फार अंतर आहे. घाईत एकाच्या जागी दुसरं बोललं गेलं की ते तसंच टंकलं जातं.

साक्ष संपल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवायची असते (कलम ३१३). पोलीस जबाबावर सही नव्हती, इथे आहे, आणि हाच पुरावा आहे. ओळ न ओळ ऐका. टंकलेखकाने ‘डावा’ऐवजी ‘उजवा’ घातला असेल तर तिथेच उठून न्यायाधीशांना सांगा, ते दुरुस्ती करतात किंवा तुमच्या हरकतीची नोंद घेतात. नंतर सही करा, आणि बाहेर पडण्याआधी कारकुनाकडे साक्षीदार भत्त्याचा अर्ज द्या. प्रवासाचं तिकीट जोडायला विसरू नका.